कपाटामागची पपई

भाड्याच्या घराच्या भिंतीकडे फार वेळ टक लावून बघू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. भिंत आपली नसते, तिचे पोपडेही आपले नसतात, पण बघत राहिलं की हात आपोआप तिकडे जातो. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली असाच एक पोपडा होता. सुरुवातीला तो नखाएवढा होता. सकाळचा चहा पिताना मी त्याला बोटाने जरासा ढकलायचो. का ढकलायचो, ते मला विचारू नका. महिन्याभरात तो ताटाएवढा झाला आणि एका सकाळी त्याचा मोठा तुकडा माझ्या चहात पडला.

"आता तरी घराला रंग देऊन घेऊया," ही म्हणाली.

"अगं, घर आपलं आहे का?"

"चहा तर आपला होता."

मी पत्र लिहायला बसलो. मी कचेरीत गेली बावीस वर्षं पत्रांचे मसुदे करतो. आमच्या साहेबांना कोणाला 'नाही' म्हणायचं असलं की ते मला बोलावतात. मी 'नाही' अशा बेताने लिहितो की वाचणाऱ्याला ते तिसऱ्या दिवशी कळतं, आणि तोवर तो आभाराचं पत्र पाठवून बसलेला असतो. घरमालक आमच्या डोक्यावरच, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात. मध्ये मोजून तेरा पायऱ्या आहेत. दुसरा कोणी असता तर वर जाऊन सांगून आला असता. पण तोंडी सांगितलेल्या गोष्टीला जावक क्रमांक नसतो, त्यामुळे मी दीड पानी पत्र लिहिलं. 'सदर भिंतीच्या सद्यःस्थितीकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा असावी' अशी त्याची सुरुवात होती. ते मी हिला वाचून दाखवलं, तेव्हा ती भांडी घासत होती आणि तिने नळ बंद केला नाही.

मालक भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्यामुळे असेल, पण बोलणंही मोजूनच. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून पाव कागद आत आला. त्यावर लिहिलं होतं, 'कराराचे कलम चौदा वाचावे. मी मुलीकडे जात आहे. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी दहाला घर पाहीन. मग सही.'

मी करार शोधून काढला. त्यावर माझी सही होती, पण तो मी वाचला नव्हता, कारण दुसऱ्याचे मसुदे वाचायची मला सवय नाही. कलम चौदा असं होतं: 'करार नव्याने करण्यापूर्वी भाडेकरूने घरास मूळ रंगात रंग देऊन घ्यावा. अन्यथा घर रिकामे करावे.' एवढं वाचून मी करार मिटला.

"म्हणजे ते विसरले होते," ही म्हणाली. "तुम्ही पत्र लिहून त्यांना आठवण करून दिलीत."

"तसं म्हणता येणार नाही."

"हात दाखवून अवलक्षण, असं म्हणता येईल का?"

हिचा राग मला समजत होता. या घरात येण्याआधी नऊ वर्षांत आम्ही पाच घरं बदलली. प्रत्येक वेळी हिने तिच्या आईने दिलेल्या बारा कपबशा एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळल्या, खोक्यात भरल्या आणि नव्या घरात जाऊन सोडवल्या. त्यांतल्या आता आठ उरल्या आहेत. हिची शाळा इथून चालत सात मिनिटांवर आहे आणि खालच्या मजल्यावरच्या बायका हिला नावाने हाक मारतात. या घरातल्या फळीवर शेवटचा कप ठेवताना तिने मला सांगितलं होतं, "यापुढे मी कपबशा गुंडाळणार नाही. पुन्हा घर सोडायची वेळ आली, तर तुम्ही आणि तुमचं वर्तमानपत्र दोघे जा." मी तेव्हा हसलो होतो. आता हातात पंधरा दिवस होते आणि हसू येत नव्हतं.

"रंग द्यायचाच आहे, तर स्वयंपाकघरातली ओट्यासमोरची भिंत निळी करूया," ही म्हणाली. "एकच भिंत."

"आपलं घर झालं की करू," मी म्हणालो. हे वाक्य मी आधीच्या पाचही घरांत म्हटलेलं असल्यामुळे ते तोंडातून कसं सुळसुळीत येतं.

आता प्रश्न असा की मूळ रंग कोणता. आमच्या भिंतींना त्या वेळी जो रंग होता, त्याला रंग म्हणणं हे सौजन्य होतं. खिडकीजवळ तो पाणचट चहासारखा होता, स्वयंपाकघरात काळपट आणि दिव्यांच्या बटणांभोवती तर आमच्या आधीच्या सगळ्या भाडेकरूंच्या बोटांचा. मी त्याला फिकट बदामी म्हणत होतो, ही साय म्हणत होती, आणि समोरच्या घरातले काका म्हणाले, "मळका." शेवटी मी मालकांना फोन लावला.

"मूळ रंग कोणता होता, एवढंच विचारायचं होतं," मी म्हणालो.

"लेखी विचारा," ते म्हणाले आणि फोन ठेवला. लेखी विचारलं असतं तर उत्तर त्या रविवारनंतरच आलं असतं. माझ्यासारख्या माणसावर असा प्रसंग यावा, याला काय म्हणावं.

समोरचे काका हवामान खात्यातले. त्यांनी छत्तीस वर्षं अंदाज दिले आणि त्यांतले किती चुकले, हे कोणी कधी विचारलं नाही. त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास अजून नवाकोरा आहे. त्यांनी आमच्या भिंतीकडे मान तिरकी करून पाहिलं.

"उन्हानं उडालाय रंग. माझ्या शर्टाचंच बघा," असं म्हणून त्यांनी कॉलर उलटी केली. कॉलरच्या आत शर्ट गडद हिरवा होता, बाहेर तो कुठल्याच रंगाचा नव्हता. "मूळ रंग नेहमी झाकलेल्या जागी सापडतो. ते कपाट हलवा."

ते कपाट मालकांचं. तीन दारांचं, सागवानी, छतापर्यंत उंच. ते घराबरोबरच आलं होतं आणि आम्ही आल्यापासून जागचं हललं नव्हतं. मी, ही आणि इमारतीचा वॉचमन अशा तिघांनी ते ओढलं. काका दारात उभे राहून उंटावरून शेळ्या हाकत होते. कपाट हातभर पुढे आल्यावर त्यांना राहवलं नाही आणि ते बाजूच्या फटीतून मागे शिरले. तेवढ्यात वॉचमनला खालून कोणीतरी हाक मारली. त्याने हात सोडला, आणि कपाट आपल्या मूळ जागेच्या ओढीने परत मागे सरकलं.

"काका," मी म्हणालो, "लागलं का?"

आतून शांतपणे उत्तर आलं, "पपई."

"काय?"

"पपईचा रंग आहे. पिकलेल्या पपईचा. आणि इथे जाळी आहेत, ती काढून घ्या."

वॉचमन परत यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात काकांनी कपाटामागून आम्हाला ओल, वाळवी आणि पाठीची दुखणी यांवर सल्ला दिला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कोळ्याचं जाळं होतं आणि चेहऱ्यावर नवा देश शोधून आल्याचा भाव. मी कपाटामागे डोकावलो. खरंच, भिंतीवर छातीच्या उंचीला दोन हात रुंद आणि तीन हात उंच असा एक पट्टा होता. रसरशीत पपई. बाकीच्या मळकट भिंतीत तो दुसऱ्याच घरातून आल्यासारखा दिसत होता.

"पण हा पट्टा कपाटापेक्षा लहान आहे," ही म्हणाली. "उन्हानं बाकीचा रंग उडाला असता, तर कपाटाच्या आकाराएवढा तरी उरला असता."

इतका बिनतोड मुद्दा समोर आला की मी चष्मा पुसतो. चष्मा पुसून होईपर्यंत काकांनी 'वाऱ्याचे प्रवाह' असं काहीतरी म्हणून तो प्रश्न निकालात काढला होता.

पुढची पायरी म्हणजे इमारतीचे सचिव. त्यांचं कार्यालय जिन्याखाली आहे. तिथे एक टेबल, एक रजिस्टर आणि ते स्वतः एवढंच मावतं. रंगकामाच्या अर्जात 'रंगाचे नाव' असा रकाना होता आणि त्यापुढे चार पर्याय: पांढरा, साय, राखी, इतर.

"पपई कुठे लिहू?" मी विचारलं.

"इतर. पण इतरला समितीचा ठराव लागतो. समिती पुढच्या महिन्यात बसेल."

मग मी माझी बावीस वर्षांची विद्या पणाला लावली. रकान्यात मी लिहिलं, 'मूळ रंग'. सचिवांनी ते दोनदा वाचलं. मूळ रंगाला परवानगी लागत नाही, असा नियमच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी शिक्का मारला. निघताना ते म्हणाले, "मूळ रंगाची नोंद आमच्या रजिस्टरमध्ये आहे, बरं का."

"मग जरा बघू का?"

"बघण्याचा अर्ज वेगळा. नकलेचा अर्ज वेगळा. नक्कल आठ दिवसांनी मिळेल."

नक्कल ही केव्हाही बघण्यापेक्षा श्रेष्ठ, म्हणून मी नकलेचा अर्ज केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मला तेव्हा सुचलं नाही. रजिस्टर माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं.

कचेरीत रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'घराचे रंगकाम'. साहेबांनी विचारलं, "घर स्वतःचं?" मी म्हटलं, "भाड्याचं." साहेब म्हणाले, "मग ही रजा मालकाने घ्यायला हवी." शेवटी त्यांच्या मेहुण्याला 'नाही' म्हणणारं एक पत्र लिहून दिलं, तेव्हा दोन दिवसांची रजा सुटली. ते पत्र इतकं चांगलं झालं होतं की मेहुणा पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आला, पण तो दोष माझा नाही.

रंगाच्या दुकानात मी पट्ट्याचा खरवडलेला तुकडा कागदात बांधून नेला. दुकानदाराने तो यंत्राखाली धरला, मग उजेडात नेला, मग माझ्याकडे पाहिलं.

"किती भिंती?"

"पूर्ण घर."

"घरात आणखी कोण असतं?"

"बायको."

"त्यांना विचारलंय?"

मी सांगितलं की हा आवडीनिवडीचा प्रश्न नसून कराराचा प्रश्न आहे. त्याने मान हलवली आणि डबे काढले. पण ते हातात देताना त्याने मला ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त दवाखान्यात पाहिली आहे.

रंगारी हा एक वाळका, उदास माणूस होता. तो माणसांशी कमी आणि भिंतींशी जास्त बोलायचा. कपाट आता खोलीच्या मध्यावर आलं होतं आणि त्याच्याभोवती फिरताना आम्ही तिघेही एकमेकांना सारखे 'सॉरी' म्हणत होतो. रंगाऱ्याने पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"हे ब्रशनं मारलंय," तो भिंतीला म्हणाला. "हाताला सवय नसलेल्या माणसानं. बाकी घर रोलरनं केलेलं आहे. हे एका वेळचं काम नाही, साहेब."

"तुम्ही रंग द्या," मी म्हणालो. "इतिहास मी बघतो."

त्याने खांदे उडवले. फक्त त्या पट्ट्यावर मात्र त्याने रंग चढवला नाही. "रंग तोच आहे. दुसऱ्याच्या कामावर मी उगाच हात मारत नाही," असं म्हणून तो पट्ट्याच्या कडेकडेने गेला. तीन दिवस त्याने नीट काम केलं. चौथ्या दिवशी काका आले आणि त्यांनी हवेतली आर्द्रता आणि रंगाचा दुसरा हात यांचा संबंध पाऊण तास समजावून सांगितला. रंगाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, रोलर बादलीत ठेवला, "वाळू द्या" म्हणाला आणि गेला. पुन्हा आलाच नाही. त्याचा फोन लागायचा, पण पलीकडून एका बाईचा आवाज यायचा, "ते म्हातारे गेले का तिथून?" काका समोरच बसलेले असायचे, त्यामुळे मला खोटं बोलता येत नव्हतं.

राहिलेलं मी केलं. म्हणजे स्वयंपाकघर आणि मधला बोळ. वाचकहो, रोलर हे वरून दिसतं तितकं सरळ हत्यार नाही. तो भिंतीवर चढवताना रंग वर जातो आणि उतरवताना बाहीत येतो. मी एकदा स्टुलावरून पडलो, एकदा बादलीत उभा राहिलो आणि एकदा घंटा वाजली म्हणून रोलर हातात धरूनच दार उघडलं, तेव्हा वीजमीटर वाचणाऱ्या माणसाच्या वहीवर पपई सांडली. कचेरीत गेलो तेव्हा माझा डावा कान पूर्ण रंगलेला होता. मला ते माहीत नव्हतं. दिवसभर सगळे माझ्या उजव्या बाजूने येऊन का बोलत होते, ते मला संध्याकाळी आरशात कळलं.

स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोरच्या भिंतीवर मी पहिला पट्टा ओढला, तेव्हा ही दारात उभी होती.

"ही पण?" तिने विचारलं.

"मूळ रंग," मी म्हणालो.

तिने ओटा पुसला आणि बाहेर गेली. मला त्या क्षणी वाईट वाटलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर मला फक्त भिंत लवकर उरकायची होती.

शनिवारी दुपारी घर पूर्ण झालं. उरलेल्या रंगात मी स्टूलसुद्धा रंगवून टाकलं. मग आम्ही मध्यभागी उभे राहून चहूकडे पाहिलं. पपईच्या पोटात राहायला आल्यासारखं वाटत होतं. हिचा चेहरा पिवळा दिसत होता, माझे हात पिवळे दिसत होते, दूधसुद्धा पिवळं दिसत होतं. काका म्हणाले, "आत बिया तेवढ्या हव्यात."

"आहोत ना आम्ही," ही म्हणाली.

चार वाजता सचिवांनी नक्कल पाठवली. शिक्का, सही, तारीख, सगळं होतं. खाली एकच ओळ होती: 'इमारतीतील सर्व घरे, मूळ रंग: साय.'

मी ती ओळ तीनदा वाचली. काकांनी ती चष्मा लावून आणि चष्मा काढून वाचली, आणि त्यांना अचानक घरी गॅसवर काहीतरी ठेवलेलं आठवलं. हिने नक्कल वाचली नाही. साय तिने पंधरा दिवसांपूर्वीच सांगितली होती. तिने माझ्या टेबलावरचा करार उचलला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला. थोड्या वेळाने तिने तो माझ्यासमोर धरला आणि कलम चौदाच्या खाली बोट ठेवलं.

कलम पंधरा: 'बाहेरच्या खोलीतील कपाट कोणत्याही कारणास्तव जागचे हलवू नये.'

आम्ही दोघांनीही खोलीच्या मध्यावर उभ्या असलेल्या त्या कपाटाकडे पाहिलं. घर चुकीच्या रंगात, कपाट चुकीच्या जागी आणि मालक उद्या दहाला. नवा रंग आणायला वेळ नव्हता, रंगारी येत नव्हता, आणि पपईवर साय चढवायची तर तीन हात लागले असते.

ही स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, ती आता बोलेल, आणि तिने बोलावं असंच मला वाटत होतं. पण फळीवरून काहीतरी उतरवल्याचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर ती खाली बसली होती. शेजारी वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि समोर आठ कपबशा. ती पहिला कप गुंडाळत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि एक बशी हातात घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही फोडाल."

बावीस वर्षांत मी हजारो लोकांना सभ्य भाषेत वाईट बातमी कळवली होती. त्या संध्याकाळी मला एक साधं वाक्य सुचलं नाही. नुसती लाज वाटत होती. म्हणून, सवयीने, मी मालकांसाठी तीन पानी माफीपत्र लिहिलं.

रविवारी दहाला एक मिनिट असताना घंटा वाजली. मालक आत आले. हातात बॅटरी, खिशात मोजायची फीत. पायताण काढण्यासाठी ते वाकले, सरळ झाले, आणि तसेच उभे राहिले. माझा हात माफीपत्राच्या खिशाकडे गेला.

"कपाट कोणी हलवलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. तीन पानं खिशातच राहिली.

ते हळूहळू पट्ट्यापाशी गेले. सगळी भिंत एकाच रंगाची असली तरी तो पट्टा कळत होता, कारण बाकी भिंत गुळगुळीत होती आणि तिथे ब्रशच्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. त्यांनी त्या रेघांवरून बोटं फिरवली. मग ते मागे वळले आणि जवळचं स्टूल ओढून बसले. ते ओलं आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, पण हिने माझा दंड धरला.

"आम्ही आधी इथेच राहायचो," मालक म्हणाले. "वरचं घर नंतर घेतलं. आमच्या हिनं एकदा या रंगाचा डबा आणला. म्हणाली, सगळं घर असं करूया. मी म्हटलं, भडक दिसेल. ती म्हणाली, आधी बघा तरी. मी कामावर गेलो तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं हा एवढा पट्टा मारला." ते थांबले. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नसावी. "संध्याकाळी मी आलो, पाहिलं आणि कपाट आणून पुढे ठेवलं. म्हटलं, पुढच्या वेळी बघू."

त्यांनी पुन्हा एकदा त्या रेघांकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी सायच दिला. त्याच्या पुढच्या वेळीही. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मग मी ते कलम घातलं. कपाट हलवलं तर हे कोणीतरी पुसून टाकेल म्हणून."

ते उठले आणि सगळ्या घरातून फिरले. भर उजेडात त्यांनी बॅटरी लावली होती, ती बंद करायचं त्यांना सुचलं नाही. स्वयंपाकघरात ते सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. ओट्यावर गुंडाळलेल्या कपबशा होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं, पण विचारलं नाही.

"ती म्हणायची, दिवा लावला की घर उबदार दिसेल," ते हिला म्हणाले. "लावता का जरा?"

सकाळचे सव्वादहा वाजले होते. हिने दिवा लावला. आम्ही तिघेही भिंतीकडे बघत उभे राहिलो.

"दिसतं," मालक म्हणाले. मग नाक शिंकरून म्हणाले, "भडक मात्र आहेच."

करारावर त्यांनी तिथेच ओट्यावर सही केली. कलम पंधरावर आडवी रेघ मारली. कलम चौदामधला 'मूळ रंग' खोडून त्या जागी 'आहे तो रंग' असं लिहिलं आणि शेजारी तारीख घातली. मसुदा म्हणून मला तो निर्दोष वाटला. ते जिना चढू लागले, तेव्हा त्यांच्या विजारीवर मागे पपईचा मोठा गोल होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गप्प बसलो.

दार लावल्यावर ही तिथेच खुर्चीत बसली. घर वाचलं होतं. मलाही हायसं वाटायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात मालकांचं 'पुढच्या वेळी बघू' घोळत होतं. ते वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. पाच घरांत ऐकलं होतं, माझ्याच तोंडून, शब्द जरा वेगळे होते एवढंच.

मी टेबलाशी बसलो आणि एक अर्ज लिहिला. त्यात 'सदर' नव्हतं आणि 'अनुज्ञा'ही नव्हती. 'स्वयंपाकघरातली ओट्यासमोरची एक भिंत निळी करायची आहे. माझ्या बायकोला हवी आहे. परवानगी द्यावी.' बावीस वर्षांतला माझा सगळ्यात छोटा मसुदा. तो दाराखालून न सरकवता मी तेरा पायऱ्या चढून गेलो आणि घंटा वाजवली. मालकांनी विजार बदलली होती. त्यांनी दारातच उभ्या उभ्या कागद वाचला, माझ्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि त्याच कागदावर खाली उत्तर लिहून दिलं.

मी खाली आलो आणि तो कागद हिच्या हातात ठेवला. मालकांनी लिहिलं होतं, 'परवानगी आहे. लगेच करावे. त्या भिंतीपुढे काहीही ठेवू नये.'

हिने तो दोनदा वाचला. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि एकेक कपबशी सोडवून फळीवर मांडू लागली. सगळ्या आठही धड होत्या. सुटलेली वर्तमानपत्रं तिने हाताने सरळ केली, नीट एकावर एक रचली आणि माझ्या हातात दिली.

"उद्या रंगाऱ्याला बोलवा," ती म्हणाली. "काकांना कुठेतरी बाहेर घेऊन जायचं ते माझ्याकडे लागलं. तुम्ही रोलरला हात लावायचा नाही. फक्त ही जमिनीवर अंथरा."